मिनिटाला दहा

तू रविवारी ट्रंक न्यायला येते म्हणालीस. त्याआधी हे कानावर घालून ठेवते, कारण समोर आलीस की आपण थालीपिठं थापत गप्पा मारत बसतो आणि कामाचं राहून जातं.

ट्रंकेत दोनशेच्या आसपास सीडी आहेत. निम्म्या तुझ्या आतोबांच्या, निम्म्या माझ्या. काही पगाराच्या दिवशी कॅनॉट प्लेसला घेतलेल्या, काही पुण्याला आलो की कर्वे रोडवर अलूरकरांकडून आणलेल्या, काही पालिका बाजारातल्या. या शेवटच्यांचं वेगळं सांगते. म्युझिक टुडे ही तर दिल्लीचीच कंपनी. त्यांनी रागांच्या मालिका प्रहरांप्रमाणे काढल्या होत्या. आतोबांना सकाळच्या रागांची सीडी कुणी दुपारी लावली तर जेवण बेचव लागायचं.

या सगळ्या तुला कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. उतरव, चांगलंच आहे. मला धास्ती आहे ती एकाच गोष्टीची: उतरलं असं वाटतं आणि उतरलेलं काहीच नसतं. हे मी स्वतः करून बसले आहे, म्हणून सांगते.

आमच्याकडे पहिला लॅपटॉप आला तेव्हाची गोष्ट. मी सीडी आत सरकवली, खिडकी उघडली, तर आत ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा फाइली ओळीने मांडलेल्या. सगळ्या निवडल्या, कॉपी केल्या, फोल्डरात टाकल्या. एक सीडी दहा सेकंदांत! दुपारच्या चहापर्यंत तीस सीडी झाल्या. मला माझंच कौतुक वाटलं. घर लहान, सीडींच्या डब्या जागा खातात, म्हणून काही सोसायटीत वाटल्या आणि उरलेल्या कबाडीवाल्याला रद्दीबरोबर दिल्या. तीन महिन्यांनी एक फाइल उघडली, तर कॉम्प्युटर म्हणतो, सीडी घाला. दुसरी उघडली, तेच. तिसावीपर्यंत तेच.

त्या फाइलींच्या नावामागे ‘सीडीए’ ही अक्षरं होती. ते गाणं नसतंच. अमुक ट्रॅक तबकडीवर कुठे सुरू होतो, एवढा पत्ता लिहिलेली ती चिठ्ठी असते, अवघी ४४ बाइटची. देवनागरीत एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणजे त्या चिठ्ठीत पंधरा अक्षरंसुद्धा मावत नाहीत. मी तीस पत्ते जपून ठेवले आणि घरं विकून टाकली. त्यांतल्या बऱ्याच सीडी पुढे परत मिळाल्या, पण एक पहाडगंजमधल्या घरगुती बैठकीची होती, ओळखीतल्या कुणीतरी लिहून दिलेली. ती कुठे मिळणार? तुझ्या मॅकवर हा घोटाळा होणार नाही, तिथे सीडीतल्या फाइली ओढून घेतल्या की खरंच गाणं येतं. पण ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा आहे म्हणालीस, आणि काम त्याच्यावर करणार असशील.

म्हणून पहिली खूणगाठ: मिनिटाला दहा. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, डाव्या-उजव्या बाजूचं वेगवेगळं, आणि प्रत्येक माप दोन बाइटचं. गुणून बघ, सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. मिनिटाला झाले दहा एमबीहून थोडे जास्त, तासाला साधारण ६३५. हे माप फिलिप्स आणि सोनीने १९८० च्या सुमारास ठरवलं, सीडी बाजारात १९८२ साली आली, आणि तेव्हापासून ते बदललेलं नाही. तर चार मिनिटांचं गाणं न दाबता उतरवलंस की फाइल चाळीस एमबीच्या आसपास हवी. चार एमबी दिसली तर ती एमपीथ्री झाली. एक केबी दिसली तर आत्याची चिठ्ठी! फाइल ऐकण्याआधी तिचं वजन बघायचं. भाजीवाल्याकडे बघतो तसं.

एमपीथ्रीत काय वाईट, असं तू विचारशीलच. मेट्रोत कानात घालून ऐकायला काही वाईट नाही. माझ्याही फोनमध्ये आहे. पण मूळ प्रत ती नसावी. आपल्या गाण्यात तिची चोरी कुठे पकडली जाते ते सांगते. ख्यालाच्या सीडीवर बहुतेकदा विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा. गायक मध्ये थांबलेला नसतो. तबलजी ठेका बदलतो, मुखडा उचलला जातो, आणि कंपनीने खूण तिथेच कुठेतरी मारलेली असते. न दाबता उतरवलेल्या दोन फाइली एकापुढे एक लावल्या तर सांधा कळत नाही. एमपीथ्री बनवताना प्रत्येक फाइलीच्या पुढेमागे शांततेची बारीकशी पट्टी चिकटते. वाजवणाऱ्या यंत्राला ती काढून टाकायची अक्कल असेल तर ठीक, नाहीतर नेमकी समेवर येताना उचकी लागते. पूर्वी मला वाटायचं गायकाचाच श्वास तुटला. शिवाय १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत मूळच्या अकराव्या हिश्श्याइतकाच माल उरतो. तानपुऱ्याच्या जवारीवर पहिली संक्रांत येते.

मग वेव्ह की फ्लॅक? माझा हट्ट नाही. फ्लॅकमध्ये दाबलेलं असतं, पण कपडे घडी घालून पेटीत बसवावेत तसं. उलगडलं की धागाही कमी नाही. जागा साधारण निम्मी लागते, गायकाचं आणि रागाचं नाव फाइलीच्या आतच लिहिता येतं, आणि फाइल बिघडली का हे तपासायची खूणही तिच्यातच असते. वेव्हमध्ये नावं लिहायची सोय तुटपुंजी, पण ती कुठल्याही यंत्रावर वाजते. मी आधी वेव्ह करते, तपासते, मग त्याची फ्लॅक करते. एक पायरी जास्त आहे, माझ्याकडे वेळ आहे. तू थेट फ्लॅक केलीस तरी मी रागावणार नाही. फक्त ‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ’ असले पर्याय दिसले की हुरळून जाऊ नकोस. सीडीवर सोळा बिटच आहेत. शेरभर दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून सव्वाशेर होत नाही. आवाज सारखा करून देतो असं म्हणणारं ‘नॉर्मलाइझ’ही बंद ठेव. मल्लिकार्जुन मन्सूरांनी आवाज जिथे खाली घेतला आहे तिथे तो खालीच राहिला पाहिजे.

आता काम कुठल्या क्रमाने करायचं ते. ट्रंक उघडलीस की आधी प्रत्येक सीडी उलटी करून बघ. खालची बाजू चांदीसारखी लखलखीत असेल तर ती कारखान्यात ठशाने बनलेली, ती थांबू शकते. हिरवट, निळसर किंवा पिवळसर झाक असेल तर ती कुणीतरी घरी किंवा दुकानात लिहिलेली. तिच्यात रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्म्याने उडतो. आम्ही करोलबागेत बरसातीत राहत होतो तेव्हा जूनमध्ये छताला हात लाववत नसे. तिथे राहिलेल्या दोन लिहिलेल्या सीडी आज कोऱ्या आहेत, दिसायला अगदी तशाच. तर हिरव्या-निळ्या आधी, मग ज्या आता बाजारात मिळत नाहीत त्या, आणि ‘अभंगवाणी’सारख्या घरोघरी असलेल्या सगळ्यात शेवटी.

दिल्लीची धूळ तू दोन उन्हाळे पाहिलीस, पण सीडीच्या नजरेने नाही पाहिलीस. आंधी आली की बंद खिडकीतूनही मैद्यासारखी धूळ येते. मग आपण कूलर लावतो, हवा दमट होते आणि ती धूळ चिकटून बसते. पावसाळ्यात वर बुरशीचे ठिपके. सीडी कोरड्या फडक्याने घासू नकोस, ती धूळच तिला ओरबाडते. गाळलेल्या पाण्याखाली धर, अगदीच चिकट असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने हलकेच फिरव, पुन्हा धू, आणि जुन्या मलमलीने टिप. आतोबांचं एक धोतर मी यासाठीच ठेवलं आहे, ट्रंकेतच आहे. पुसायचं ते मधल्या भोकापासून बाहेर कडेकडे, सरळ. गोल गोल कधीही नाही. सीडीवरची रेघ आतून बाहेर वेटोळ्यासारखी गोल फिरत जाते. आडवा ओरखडा तिला जागोजागी थोडा थोडा छेदतो, तेवढं नुकसान यंत्र हिशोबाने भरून काढतं. गोल ओरखडा मात्र रेघेच्या बरोबरीने धावतो आणि सलग मजकूर खातो.

सगळे खालची बाजू जपतात आणि वरच्या छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात. अगं, उलट आहे. खाली सव्वा मिलिमीटरच्या जवळपास जाडीचं प्लॅस्टिक आहे. मजकूर वरच्या छापाच्या लगेच खाली, पापुद्र्याएवढ्या लाखेआड असतो. वरून पेन दाबलंस की गाण्यालाच भोक. चिकटपट्ट्याही लावू नकोस. आणि टूथपेस्टने ओरखडे जातात हे कुणी सांगितलं तर हो म्हण आणि करू नकोस. अगदी शेवटचा उपाय म्हणून एखाद्याने केला असेल, पण पहिल्याच दिवशी दात घासायला कोण बसतं?

सीडी धुतलीस, आत घातलीस. आता कुठल्या प्रोग्रॅमने उतरवायचं? विंडोजचा साधा मीडिया प्लेअरही वेव्ह आणि फ्लॅक करतो, सेटिंगमध्ये सीडी रिप करण्याच्या पानावर तो प्रकार आपण निवडायचा. तो घाईत असतो, एवढंच. सीडीवर एखादी जागा वाचता आली नाही की वाचणारं यंत्र शेजारच्या मापांवरून अंदाज बांधून तिथे रफू करतं. गाणं ऐकताना हे रफू सोयीचं, नक्कल करताना घातक, कारण कुणी सांगत नाही कुठे रफू केलं. म्हणून मी ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरते. आंद्रे वीथॉफ नावाच्या जर्मन माणसाने केलेला, फुकट. त्याचा ‘सिक्युअर’ प्रकार प्रत्येक जागा दोनदा वाचतो, दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर परत परत वाचतो, आणि तरीही जमलं नाही तर कुठल्या मिनिटाला शंका आहे ते लिहून देतो. जगभरच्या लोकांच्या नकलांशी ताडून बघायचीही सोय आहे, पण मराठी सीडी त्या यादीत असेलच असं नाही. मग ‘टेस्ट अँड कॉपी’ घ्यायचं. तो एकदा नुसता वाचतो, एकदा उतरवतो, आणि दोन्हींचे आकडे समोर ठेवतो. आकडे सारखे आले की मी हिरव्या शाईने लिहून डबीत चिठ्ठी टाकते. मॅकवर असाच ‘एक्सएलडी’ आहे.

ओरखडे असतील तर वेग कमी कर. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाल. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं, चष्म्याचा नंबर वेगळा असतो तसं. माझा किशोरीताई आमोणकरांचा एक ट्रॅक घरच्या ड्राइव्हवर तीनदा अडला आणि शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर पहिल्या फटक्यात आला. त्यात अर्धा तास गेला. एका सीडीला पाच मिनिटं आणि दुसरीला तासभर, असंच हे काम आहे. घड्याळ लावून बसलीस तर चिडशील.

नावं द्यायचं काम प्रोग्रॅमवर सोडू नकोस. इंटरनेटवरच्या याद्या आपोआप नावं भरतात आणि आपल्या गाण्याला ‘वर्ल्ड’ नाहीतर ‘अदर’ म्हणतात. एकदा कुमार गंधर्वांच्या सीडीवर भलत्याच गायिकेचं नाव आलं होतं. स्वतः लिही: गायक, राग, ताल, मग चीज. आकडे दोन अंकी, ०१, ०२. नाहीतर कुठल्या तरी यंत्रावर एकच्या मागोमाग दहावा लागतो. आणि एकाहून जास्त तबकड्यांचा संच असेल तर प्रत्येक तबकडीचा आकडा फाइलीच्या नावात पुढे घाल. ‘गीतरामायणा’त छप्पन गीतं आहेत, १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी सुरू झाली, त्यांचा क्रम माडगूळकरांनी कथेप्रमाणे लावलेला. प्रत्येक तबकडी ट्रॅक एकपासून सुरू होते. मी सगळ्या एकाच फोल्डरात टाकल्या, तर राम जन्मायच्या आधीच वनवासाला निघाला. देवनागरीत नावं लिहायला हरकत नाही, कॉम्प्युटरला चालतात. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर मात्र चौकोन दिसतात, तेव्हा गाडीसाठीची प्रत वेगळी.

डबीतली पुस्तिका फेकू नकोस. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर मागे कोण बसलं होतं, हे तिथेच असतं. संगत करणाऱ्यांची नावं इंटरनेटच्या यादीत जवळजवळ कधीच नसतात. पुस्तिकेचा फोटो काढून त्याच फोल्डरात ठेव, दोन मिनिटांचं काम आहे.

पालिका बाजारातल्या सीडींचं आता. ‘एकात दीडशे गाणी’ वगैरे लिहिलेल्या त्या एमपीथ्रीच आहेत, मजकुराच्या सीडी. त्यांच्यातल्या फाइली साध्या कॉपी कर, काम झालं. त्यांची वेव्ह बनवायला बसू नकोस. फाइल दसपट फुगेल आणि आवाज तोच राहील, वर आपण ‘मूळ प्रत’ आहे म्हणून फसू. खोड अशी की काही दुकानदार एमपीथ्रीवरून साधी सीडी लिहून द्यायचे. तिथे मिनिटाला दहाची परीक्षाही हरते, वजन बरोबर भरतं. ऑडॅसिटी नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्रॅम बघ; सोळा हजार हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं काळं दिसलं तर दूध पाणी घातलेलं आहे असं समज.

ठेवायचं कुठे? एक टीबीच्या हार्ड डिस्कवर दीड हजार तासांहून जास्त मावतं, आपल्या दोनशे सीडी एका कोपऱ्यात बसतील. पण डिस्क दोन घे, दुसरी पुण्याला दादाकडे दे. एकाच घरातल्या दोन डिस्क म्हणजे एकाच खिशातल्या दोन किल्ल्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दोन्ही जोडून चार फाइली वाजवून बघायच्या. पेन ड्राइव्हवर भरवसा नको, त्यातही फूटपाथवरच्या नको. त्यांच्यावर लिहिलेलं असतं एक टीबी आणि आत असतात आठ जीबी. भरताना तक्रार करत नाहीत, वाजवायला गेलं की फाइली रिकाम्या. पुन्हा आत्याच्या चिठ्ठीसारखंच.

आपल्यासाठी उतरवायचं, तेही घरात. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे साठ वर्षं असतो, तेव्हा फोल्डरच्या फोल्डर ग्रुपवर टाकत सुटू नकोस. आणि नक्कल झाली म्हणून मूळ सीडी कुणाला देऊ नकोस. मी दिल्या होत्या.

ट्रंकेत तळाशी दोन कॅसेटी आणि तीन लिहिलेल्या सीडी घरगुती बैठकींच्या आहेत. त्या उतरवल्यावर मला विचारून मग ठरवू. तुझ्या गुरुग्राममध्येच अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय आहे, १९८२ साली सुरू झालेलं. अभ्यासकांनी दिलेली ध्वनिमुद्रणं ते सांभाळतात. ज्यांच्या बैठकी आहेत त्यांच्या घरच्यांची परवानगी मिळाली, तर एक प्रत तिथे दाखवून यावी असं माझ्या मनात आहे.

राहिलं ते एकच. तुझ्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही, बाहेरून जोडायचा यूएसबीचा ड्राइव्ह लागेल. तो नेहरू प्लेसला घे, बिल घेऊन घे, आणि दुकानातच ट्रंकेतली एक सीडी लावून बघ. मी तुझ्यासाठी भीमसेनांची एक आधीच वर काढून ठेवते, तुझा भाऊ इकडून जाताना नेईल. तू गुरुग्रामहून यलो लाइनने हौज खास, तिथे मजेंटा पकडून कालकाजी मंदिर, तिथून नेहरू प्लेस जवळच. काम झालं की तीच मजेंटा सरळ बोटॅनिकल गार्डनपर्यंत, म्हणजे माझ्या दारात आणते. फक्त रविवार बदल. नेहरू प्लेस रविवारी बंद असतं, शनिवारी ये.